घटाला लागलेलं ऊन

अंधारात उगवणाऱ्या रोपांना स्वतःचा एक वास असतो. नुसत्या ओल्या मातीचा तो नव्हे. भिजलेल्या गव्हाचा, जरासा आंबूस, जरासा दुधाळ, त्यात समईतल्या तेलाचा आणि विझत आलेल्या धुपाचा. लालबागच्या आमच्या खोलीत, देव्हाऱ्याखालच्या कोपऱ्यात, नवरात्राच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी हा वास सुटतो. यंदाही सुटला. मी उंबऱ्याशी मेथी निवडत बसले होते. वास आला आणि जुडी तशीच हातात राहिली.

चाळ दिवाळीनंतर रिकामी करायची आहे. निम्म्या खोल्यांना आत्ताच कुलपं लागली आहेत, आणि गॅलरीतून चालताना आपल्याच पावलांचा आवाज आपल्याला ऐकू येतो. या चाळीत असं कधी होईल यावर मी पैज हरले असते. आईनं ऐंशी ओलांडली आहे. माणसांची नावं तिच्या हातून निसटतात. मला ती कधी माझ्या नावानं हाक मारते, कधी तिच्या बहिणीच्या. पण सण ती विसरत नाही. "इथला शेवटचा घट बसवल्याशिवाय मी हलणार नाही," असं म्हणून ती अडून बसली, म्हणून मी माटुंग्याहून बॅग भरून नऊ दिवस राहायला आले. माळ्यावरची पितळी परात काढली, चिंचेनं घासली. परातीचा काठ एका बाजूला चेपलेला आहे. चेपलेली बाजू भिंतीकडे करून ठेवायची, ही आमच्या घरची रीत. ती मी न विचारता पाळली.

परातीत काळी माती, मातीत सात धान्यं, मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट, त्यावर नारळ. एकदा बसवला की दसऱ्यापर्यंत घट जागचा हलवायचा नाही. आणि उजेडात तर मुळीच आणायचा नाही. अंधारात वाढलेलं ते रुजवण पिवळंधमक होतं, सोनेरी म्हणतात त्याला, आणि जितकं उंच तितकं वर्ष चांगलं. लहानपणी मला ते सोनेरी कधीच वाटलं नाही. मला त्याची भीती वाटायची. पहाटे डोळे उघडले की समईच्या उजेडात ती फिकट रोपं सगळी एका बाजूला वाकलेली दिसत, दाराच्या फटीकडे. रात्रभर कुणीतरी तिकडं बघत बसलं होतं असं वाटायचं.

त्या कोपऱ्यात रुजवणाशेजारी आत्या झोपायची.

शालूआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती नांदायला गेली होती तिथून परत आली. का आली ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि पुढं विचारायला जी माणसं उरायला हवी होती ती उरली नाहीत. बाबांनी चाळीत सांगून टाकलं, की शालू हवापालटासाठी आली आहे. गिरण्यांची धुराडी डोक्यावर धूर ओकत असताना लालबागला हवापालटासाठी कोण येतं, हे विचारण्याइतकं चाळीतलं कुणीच भोळं नव्हतं. चाळीत काही लपत नसतं. पण जे समोर बसलेलं दिसत नाही त्याबद्दल तोंडावर विचारायचं नाही, एवढी सभ्यता असते. म्हणून आत्यानं दिसायचं नव्हतं. पहाटे चाळ उठायच्या आधी ती डोक्यावर पदर घेऊन बाहेर जाऊन यायची, आणि मग दिवसभर आत. माळ्याखाली तारेवर एक जांभळा पडदा होता. गॅलरीत कुणाच्या चपला वाजल्या की पडद्याच्या कड्या खर्रकन सरकायच्या. पडदा जाऊन आता जमाना झाला, तारही गंजून तुटली. तरी या नऊ दिवसांत, बाहेर वॉचमन फिरला की मला तो आवाज ऐकू आला. मी मान वर करून बघायचे आणि स्वतःवरच चिडायचे.

बाबा गिरणीच्या हापिसात कारकून होते, सज्जन आणि घाबरट. "गॅलरीत नको बसू गो," एवढंच ते बहिणीला म्हणत. ते दोघं एकमेकांशी मालवणीत बोलत. आई गिरगावातली, तिचं बोलणं स्वच्छ आणि पुस्तकी. ती नणंदेला वन्सं म्हणायची, अहोजाहो करायची, पहिली भाकरी तिला वाढायची, आणि कड्या वाजायला जरा उशीर झाला की स्वतः उठून पडदा ओढायची. आईनं आत्याला कधी टाकून बोललेलं मला आठवत नाही. पडदा ओढलेला मात्र आठवतो.

आत्याच्या केसांना माक्याच्या तेलाचा वास येई. ती तांदूळ निवडताना काहीतरी गुणगुणायची, शब्द नसलेलं. तिचे हात पाण्यात फार वेळ ठेवल्यासारखे पांढुरके झाले होते. शाळेतून आले की मी सरळ पडद्याआड शिरायचे, आणि ती विचारायची, "आज काय शिकलंस गो बाय?" तिची शाळा चौथीत सुटली होती. माझी शाळा तिनं पडद्यामागून पुन्हा एकदा केली असं म्हटलं तरी चालेल.

त्या वर्षी आम्हाला विज्ञानाला फर्नांडिस टीचर होत्या. दादरच्या, कायम फुलाफुलांचा फ्रॉक, आणि मराठी अशी की वर्ग हसायचा, पण ऐकायचा. त्यांनी शाळेच्या अंगणातली जास्वंदीची कुंडी दोन दिवस कपाटात कोंडली. मग बाहेर काढून एका पानावर काळ्या कागदाची पट्टी टाचणीनं लावली आणि कुंडी उन्हात ठेवली. दुसऱ्या दिवशी ते पान तोडून स्पिरिटमध्ये उकळलं. पानाचा सगळा हिरवा रंग स्पिरिटमध्ये उतरला आणि पान पांढरंफटक झालं. त्यावर आयोडीनचे थेंब टाकले तर सगळं पान काळंनिळं होत गेलं. फक्त कागदाखालची पट्टी तशीच राहिली.

"बघा हां," टीचर म्हणाल्या, "पान म्हणजे झाडाचं किचन. मुळं पाणी आणते, पान हवा घेते, आणि ऊन म्हणजे त्याचा गॅस. हिरवा रंग आहे ना, तोच कुक. जिथे ऊन पडला तिथे जेवण झाला. जिथे कागद होता तिथे उपाशी."

घरी आल्यावर मी हे सगळं आत्याला हातवारे करून सांगितलं. प्रकाशसंश्लेषण हा शब्द एका दमात म्हणून दाखवला. तिनं तो दोनदा म्हणून पाहिला, तिसऱ्यांदा सोडून दिला.

"म्हणजे झाडां उन्हाक खातत?"

"खात नाहीत गं. उन्हावर शिजवतात."

"चूल नाय, धूर नाय, भांडी घासूची नायत," आत्या म्हणाली. "बरा आसा गो त्यांचा." मग ती देव्हाऱ्याच्या कोपऱ्याकडं वळली. नवरात्र अजून दोन आठवडे लांब होतं, तिथं तेव्हा नुसती रिकामी परात उभी करून ठेवलेली होती. "आणि घटाचा रुजवण? त्याका खंय ऊन गावता? तरी वाढताच ना?"

दुसऱ्या दिवशी मी टीचरना गाठलं. "तू लय डोकं खाते हां," त्या म्हणाल्या, पण खूश झाल्या. बी असते ना, त्यात आईनं डबा बांधून दिलेला असतो. उजेड मिळेपर्यंत रोप तो डबा खातं. अंधारात ठेवलं तर ते भराभर उंच होतं, कारण ते उजेड शोधतंय. ते वाढणं नव्हे, ती धावपळ. म्हणून ते पिवळं आणि लुळं. डबा संपायच्या आत उजेड सापडला तर ठीक.

"आणि नाही सापडला तर?"

"तर काय? तू सांग," टीचर म्हणाल्या आणि घंटा झाली.

आत्याला मी हे जसंच्या तसं सांगितलं. ती हसेल असं मला वाटलं होतं. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"डबो किती दिस पुरता गो?"

ते मी टीचरना विचारलं नव्हतं.

नवरात्र आलं. कोपऱ्यात घट बसला. माळ आई बांधायची, समई बाबा बघायचे, आणि रुजवणावर पाणी शिंपडायचं काम आत्याचं, कारण ती तिथंच असायची. चौथ्या-पाचव्या दिवसाची गोष्ट असेल. माझी शाळा सकाळची. दुपारी मी जिना चढून आले. चाळ जेवून आडवी झाली होती. दारादारांवर पडदे, कुठंतरी रेडिओ बारीक चाललेला, गिरणीचा घरघराट जमिनीतून पायांना लागणारा. आई शेवंतीच्या माळा आणायला बाजारात गेली होती. दुपारी, पश्चिमेकडच्या गिरणीच्या दोन शेडांच्या मधून, आमच्या गॅलरीत उन्हाची एक पट्टी यायची आणि कठड्याच्या सळ्यांच्या सावल्या घेऊन थेट उंबऱ्यापर्यंत सरकायची. त्या पट्टीत आत्या बसली होती. पाठ भिंतीला, डोक्यावरचा पदर खाली, मांडीवरचे दोन्ही तळहात वर उघडे. शेजारी परात. घट, नारळ, माळ, सगळ्यासकट तिनं ती उचलून आणली होती.

मी घाबरून म्हटलं, "आत्या, घट हलवला?"

तिनं डोळे उघडले नाहीत. "बस गो बाय," ती म्हणाली. "जेवतंय मी."

मी बसले. ऊन तिच्या पापण्यांवर होतं, गालावरच्या बारीक लवेवर होतं. इतक्या उजेडात मी तिला कधी बघितलंच नव्हतं. ती तरुण होती. हे मला तेव्हा कळलं, आणि आज मी तिच्या दुप्पट वयाची असताना जास्त कळतं. ऊन सरकलं तशी तिनं परात उचलली, आत नेली, जागच्या जागी ठेवली, आणि पडदा ओढून घेतला.

मग रोज दुपारी तेच. आई बाजारात, किंवा खालच्या चुलतसासूकडं, आणि आत्या उन्हात. मी राखणीला जिन्याच्या तोंडाशी बसायचे आणि पाढे पाठ करायचे. रुजवणाचं काय होत होतं ते आम्हा दोघींनाच दिसत होतं. समईच्या उजेडात कुणाला रंग कळणार? आधी टोकं हिरवी झाली, मग पात्या. ती लुळी, दाराकडं वाकलेली रोपं ताठ झाली. उंच झाली नाहीत, पण जाड झाली, आणि त्यांना हात लावला की आता ती हाताला लागायची. आत्याही दुपारच्या जेवणाला जरा जास्त भात घेऊ लागली होती. गुणगुणण्यात एकदोन शब्द आले होते.

अष्टमीला आई लवकर परतली. बरोबर शेजारच्या शिरोडकर काकू होत्या. त्या मागच्या जिन्यानं आल्या, त्यामुळं मी बसले होते त्या जिन्याचा काही उपयोग झाला नाही. आत्या परात घेऊन धडपडत उठली, उंबऱ्यावर परातीचा काठ आपटला, घट कलंडला, आणि नारळ घरंगळत काकूंच्या पायाशी गेला.

"अगो बाय!" काकू म्हणाल्या. त्या आधी नारळाकडं बघत होत्या, मग परातीकडं. "ह्यो घट हिरवो कसो झालो? उजेड लागलो काय घटाक?" आणि मग त्यांनी मान वर करून आत्याकडं पाहिलं, डोक्यावर पदर नसलेल्या, उन्हानं लाल झालेल्या आत्याकडं. "आणि शालू, तू अजून हयच?"

झालं. आता ती समोर दिसली होती, आता विचारायला मोकळीक होती.

आईनं नारळ उचलला, कपाळाला लावला. "वन्सं," ती अगदी हळू म्हणाली, "अहो, घट हलवलात?" तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. मला ती भीती तेव्हा समजली नाही. मी आईवर चिडले ते त्या क्षणापासून, आणि पुढं ते चिडणं माझ्या अंगवळणी पडलं.

त्या संध्याकाळी बाबा पडद्यापाशी उभे राहून, आत न बघता म्हणाले, "शालू, दसरो झालो काय तुका सासरी पोचवन येतंय." आत कड्या वाजल्या, पण पडदा उघडला नाही, फक्त आणखी थोडा ओढला गेला.

दसऱ्याला घट उठवला. दर वर्षी बाबा टोपीत रुजवण खोवायचे. त्या वर्षी त्यांनी परातीकडं पाहिलं आणि नुसती टोपी घालून ते हापिसच्या पूजेला गेले. आईनंही केसांत घातलं नाही. आत्यानं एक जुडी माझ्या वेणीत खोवली, एक स्वतःच्या अंबाड्यात. हिरवीगार. बाकीचं रुजवण समुद्रात सोडलं की कुठं, मला माहीत नाही.

ती गेली त्या सकाळी आई अंधारात उठली होती. तिनं आत्याला वाटेसाठी डबा करून दिला. भाकऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, वरच्या पुडात नारळाच्या वड्या. एका माणसाला दोन दिवस पुरेल इतकं. आत्यानं डबा दोन्ही हातांनी घेतला, माझ्याकडं वळली आणि हसली.

"बघ गो बाय," ती म्हणाली. "वयनीन डबो दिल्यान."

पुढच्या वर्षी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तिच्या सासरच्या गावाहून एक माणूस आला. तो दारातच उभा राहिला, पाणीसुद्धा प्याला नाही. बाबा त्याच्याबरोबर गॅलरीच्या टोकाशी जाऊन बोलले आणि परत येऊन त्यांनी कोपऱ्यातली परात माळ्यावर चढवली. त्या वर्षी आमच्याकडं घट बसला नाही. सुतक होतं. त्या माणसानं जाताना आईच्या हातात तो डबा दिला, घासून लख्ख केलेला. आईनं झाकण उघडून आत बघितलं, पुन्हा लावलं, आणि डबा फळीवर सगळ्यात मागं ठेवला. त्यात पुन्हा कधी कुणाला काही बांधून दिलेलं मी पाहिलं नाही. त्या दिवसानंतर आईनं आत्याचं नावही घेतलं नाही. बाबा जाईपर्यंत नाही, आणि ते गेल्यावरही नाही. माझ्या मनात एकच राहिलं होतं. एकदा, फक्त एकदा, या खोलीत आईच्या तोंडून वन्सं हा शब्द ऐकायचा. त्यासाठी मी किती वेळा विषय काढला असेल! ती उठून गॅस बारीक करायला जायची.

मी बँकेत चिकटले. झाडांशी माझा संबंध कोथिंबीर आणण्यापुरता उरला. पण खिडकीतली कुंडी उजेडाकडं वाकलेली दिसली की मी ती फिरवते, दुसऱ्याच्या घरातही फिरवते. लोक हसतात.

आता गिरण्या नाहीत, शेडा नाहीत. पश्चिमेला काचेचा टॉवर उभा राहिला आहे आणि दुपारची ती पट्टी त्यानं कायमची बंद केली. गॅलरीत दिवसभर कळकट सावली असते. यंदा तिथं काही वाळतसुद्धा नाही, पापड नाहीत की परकर. रुजवण मात्र कोपऱ्यात जोरात आलं होतं, पिवळं, लांबच लांब. आई त्याच्याकडं बघत बसायची आणि मला विचारायची, "उंच आलंय ना?" मी म्हणायचे, "हो, उंच आलंय." तो वास, तो खर्रकन आवाज, आणि समईशेजारी ती फिकट, वाकलेली गर्दी. तिसऱ्या दिवसानंतर मी कोपऱ्याकडं पाठ करून झोपू लागले.

सहा दिवस सकाळी मळभ असायचं. सातव्या माळेच्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते, आणि खोलीत ऊन आलं.

पश्चिमेच्या दारातून, सकाळी. मागून, पूर्वेकडून वर आलेला सूर्य त्या काचेच्या भिंतीवर पडला होता आणि टॉवर ते ऊन आमच्या अंगावर परत टाकत होता. कठड्याच्या सळ्यांच्या सावल्या घेऊन ती पट्टी उंबऱ्यापर्यंत आली. तीच जागा. तसाच तिरका सरकणारा उजेड. काय आहे ते मला डोक्यानं कळत होतं, तरी मी आधी माळ्याखालच्या कोपऱ्याकडं बघितलं.

आई पलंगावर बसून होती. तिनंही पाहिलं. तिचा चेहरा पार बदलला, कुणीतरी हाक मारावी तसा. तिनं पाय खाली सोडले, भिंतीला धरत ती देव्हाऱ्यापाशी गेली, खाली वाकली आणि परातीच्या चेपलेल्या काठाला हात घातला.

"आई, अगं काय करतेस? घट हलवायचा नसतो ना?"

"धर गं तिकडून," आई म्हणाली. "ऊन जाईल आता. वन्सं कधीच्या आत बसल्यात."

मी दुसरी बाजू धरली. आम्ही दोघींनी परात उचलली, घट, नारळ, माळ, सगळ्यासकट, आणि उंबऱ्याबाहेर त्या पट्टीत नेऊन ठेवली. आईनं उंबऱ्यावर काठ आपटू दिला नाही. मी तिला खुर्ची आणायला वळले तर ती खालीच बसली, भिंतीला पाठ लावून. शेजारी थोडी जागा तिनं सोडली होती. त्या जागेवर मी बसले नाही.

पिवळी रोपं उन्हात आधी अगदीच केविलवाणी दिसत होती. आई त्यांच्याकडं बघत नव्हती. रिकाम्या जागेकडं बघत होती. मग तिनं माझ्याकडं मान वळवली आणि घरात पंगत बसलेली असताना विचारतात तसं विचारलं,

"वन्सं जेवल्या का गं?"

ऊन परातीच्या काठावरून पात्यांवर चढलं होतं.

"जेवतायत, आई," मी म्हटलं. "बसू दे त्यांना."